संभाजीनगरला पहिल्यांदा येताय? मग आधी वार बघा

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. या सहलीचं सगळं नियोजन एवढ्या एका वाक्यावर उभं आहे, तरी फर्दापूरच्या फाट्यावरून आणि वेरूळच्या फाटकावरून तोंड पाडून परत फिरणारी माणसं नेहमी दिसतात. मुलांच्या सुट्ट्या, साहेबांची रजा, लग्नाचा मुहूर्त सगळं बघून गाडी ठरवतात. वार मात्र कोणी बघत नाही. देवगिरीला आणि बीबीच्या मकबऱ्याला अशी साप्ताहिक सुट्टी नसते. त्यामुळे सोमवार-मंगळवार मध्ये येत असतील तर सोमवारी वेरूळ, मंगळवारी शहर आणि बुधवारी अजिंठा, असं सरळ लावून टाका.

वारानंतर नकाशा. इथली ठिकाणं तीन तोंडांना आहेत. देवगिरी, खुलताबाद आणि वेरूळ एकाच रस्त्यावर, शहरापासून तीसेक किलोमीटरच्या आत. अजिंठा अगदी वेगळ्या दिशेला, फुलंब्री-सिल्लोडवरून शंभर किलोमीटर. आणि तिसरं, खुद्द शहर. तीन तोंडं, तीन दिवस. दोनच दिवस हातात असतील तर शहराला एक संध्याकाळ द्या. एकच दिवस असेल तर अजिंठ्याचा हट्ट सोडा. एका दिवसात वेरूळ-अजिंठा दोन्ही दाखवतो म्हणणारे ड्रायव्हर भेटतील. ते दाखवतातही, पण तुमच्या वाट्याला लेण्यांपेक्षा सिल्लोडचा रस्ताच जास्त येतो.

यायचं कधी आणि कसं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सगळ्यांत सोयीचे. पण माझं मत विचाराल तर ऑगस्ट-सप्टेंबर. डोंगर हिरवे असतात, वेरूळला एकोणतिसाव्या लेण्याशेजारी येळगंगेचा धबधबा पडत असतो आणि अजिंठ्याच्या खाली वाघूर वाहत असते. पायऱ्या मात्र शेवाळलेल्या असतात, म्हणून चपला-सँडल घरी ठेवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो आणि इथला काळा दगड संध्याकाळपर्यंत वाफा टाकत राहतो. उन्हाळ्यात यायचंच असेल तर अकरा ते चार या वेळेत उघड्यावर काही ठेवू नका.

मुंबईकडून देवगिरी एक्सप्रेस, तपोवन, जनशताब्दी आणि वंदे भारत आहेत. नांदेड-परभणीकरांना याच मार्गावरच्या गाड्या. विमानतळ चिकलठाण्याला. खानदेशातून किंवा भुसावळ मार्गाने येणाऱ्यांनी वेगळा विचार करावा: अजिंठ्याला जळगाव जवळ पडतं, साठेक किलोमीटर. जळगावला उतरून आधी अजिंठा बघायचा, मुक्कामाला संभाजीनगर गाठायचं आणि परतीची गाडी इथून धरायची. एक हेलपाटा वाचतो. शहराचं अधिकृत नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, पण काही अ‍ॅपमध्ये आणि जुन्या पाट्यांवर अजून औरंगाबाद आहे. एका नावाने काही सापडलं नाही तर दुसरं टाकून बघा.

एसटीने फिरणं स्वस्त आहे आणि जमण्यासारखं आहे. महिलांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास असल्यामुळे आजी-मावशी-काकूंचा गट असेल तर खर्च नाममात्र होतो. आधार कार्ड तेवढं जवळ हवं. जळगावकडे जाणारी बस अजिंठा लेणीच्या फाट्यावर सोडते. वेरूळच्या रस्त्याला काळी-पिवळी जीपही मिळतात, पण सीट भरल्याशिवाय त्या हलत नाहीत, आणि 'भरली' म्हणजे किती हे ड्रायव्हर ठरवतो. चार-पाच जण असाल तर दिवसभराची गाडी करणंच बरं. भाडं ठरवताना पार्किंग, टोल आणि ड्रायव्हरचं जेवण कोणाकडे, हे आधीच बोलून घ्या.

पुरातत्त्व खात्याची तिकिटं ऑनलाइन मिळतात. ती आदल्या रात्री खोलीवरच काढा, कारण नेमकं खिडकीसमोरचा क्यूआर कोड स्कॅन करताना रेंज जाते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. ड्रोन सगळीकडे बंद, ट्रायपॉडला परवानगी लागते.

पहिला दिवस: सकाळ देवगिरीची

वेरूळला जाताना पंधरा किलोमीटरवर देवगिरी लागतो, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. गाडी थांबते, चांद मिनारासमोर फोटो होतो, पेरू-सीताफळं घेतली जातात आणि मंडळी पुढे वेरूळला. देवगिरीला वाटेतला थांबा समजू नका. हा यादवांचा राजधानीचा किल्ला. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने इथे राजधानी आणली. ज्ञानेश्वरीत ज्या रामचंद्रदेवाचा उल्लेख येतो, तो इथलाच राजा, आणि त्याच्याच काळात १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी इथवर आला. पुढे १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी उचलून इथे आणली आणि नाव ठेवलं दौलताबाद. एवढं सगळं ज्या डोंगरावर घडलं, त्याला निदान तीन तास द्यावेत.

तिकीट खिडकी उघडताच आत शिरा. वरपर्यंत साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत. थांबत थांबत चढायला दीड तास धरा. प्रत्येकाकडे पाण्याची बाटली हवी, कारण वर पाणी मिळेल या भरवशावर राहता येत नाही. खाऊ मात्र पिशवीत खोल ठेवा. माकडांना पिशवीच्या चेनचा आवाज ओळखता येतो.

आत गेल्यावर दरवाजांकडे नीट बघा. एकामागे एक सरळ रेषेत ते येत नाहीत. वाट मुद्दाम वळवलेली आहे, म्हणजे हत्तीला धाव घेऊन धडक मारता येऊ नये. दाराच्या फळ्यांवरचे अणकुचीदार खिळेही त्याच्यासाठीच. पुढे उजवीकडे चांद मिनार, पंधराव्या शतकात बहमनी सुलतानाने बांधलेला, साठ मीटरहून उंच. जवळच भारतमातेचं मंदिर म्हणतात ती खांबांची मोठी वास्तू. तिचे खांब जुन्या देवळांचे आहेत, मग तिथे मशीद झाली, आणि आता देवीची मूर्ती आहे. एका अंगणात सातशे वर्षं उभी आहेत, गाइड न घेताही वाचता येतात.

थोडं वर चिनी महाल. निळ्या फरशांचे तुकडे अजून भिंतीवर दिसतात. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने इथेच कैदेत ठेवलं होतं. त्याच्या जवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे, मागचा भाग मेंढ्याच्या तोंडाचा. तिच्यावर चढून फोटो काढू नका. लोक काढतात, म्हणून सांगतोय.

इथून पुढे खरा किल्ला सुरू होतो. डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी उभा तासून काढलाय, धरायला बोटभर खाच नाही. भोवती खडकात खोदलेला खंदक, त्यावर अरुंद पूल, आणि पुलानंतर 'अंधारी'. खडकाच्या पोटातून वळत वर जाणारा हा भुयारी जिना आहे. शत्रू आत शिरला की वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून धूर कोंडायचा, अशी योजना इथे सांगितली जाते. मोबाइलचा टॉर्च पुरतो, पण तो पायरीवर धरा, छताकडे नको. छताला वटवाघळं आहेत आणि त्यांना उजेड आवडत नाही. वासाचा त्रास होत असेल तर रुमाल नाकाशी धरा. दमा किंवा गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी आणि अंधाराची धास्ती वाटणाऱ्यांनी खंदकाच्या पुलावरूनच परत फिरावं, त्यात कमीपणा नाही. निम्म्याहून जास्त किल्ला तोवर बघून झालेला असतो.

अंधारीनंतर गणपतीचं छोटं मंदिर, मग बारादरी. तिथे टेका. वारा भरपूर असतो. शिखराजवळ जनार्दनस्वामींचं स्थान आहे. ते देवगिरीचे किल्लेदार आणि संत एकनाथांचे गुरू. नाथ पैठणहून लहानपणी त्यांच्याकडे आले आणि इथेच शिकले. मराठवाड्यातली जुनी माणसं हा डोंगर चढतात ती राजांसाठी कमी आणि या एका जागेसाठी जास्त.

खाली उतरल्यावर सीताफळांचा हंगाम असेल, म्हणजे साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर, तर इथूनच घ्या. आजच खायची असतील तर तसं सांगा, विक्रेता डोळे मोठे झालेली निवडून देतो. पुढे दौलताबादच्या जुन्या वेशीतून, दिल्ली दरवाजातून, रस्ता जातो आणि तिथे एका वेळी एकच मोठी गाडी मावते. शनिवारी-रविवारी या दरवाजापाशी चांगला खोळंबा होतो.

मधलं खुलताबाद

देवगिरी ते वेरूळ या टप्प्यात घाटावर खुलताबाद लागतं. सुफी संतांचे दर्गे, त्यांत बुऱ्हानुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराजी यांचे प्रमुख. जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे, साधी, वर छप्पर नसलेली. तिथे बंदोबस्त असतो. ओळखपत्र जवळ ठेवा आणि फोटोबद्दल आधी विचारा. मला विचाराल तर इथे मलिक अंबरची कबर शोधावी. तुमचा मुक्काम ज्या शहरात आहे ते याच हबशी वजिराने वसवलेलं, आणि त्याच्या कबरीपाशी बहुतेक वेळा चिटपाखरू नसतं.

भद्रा मारुती इथलाच. मारुतीची मूर्ती निद्रिस्त आहे. शनिवारी गर्दी, श्रावणातल्या शनिवारी फार गर्दी, आणि हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री तर शहरापासून रस्ता पायी चालणाऱ्यांनीच भरलेला असतो. त्या रात्री या रस्त्यावर गाडी घालू नका.

दुपार वेरूळची

वेरूळच्या लेण्यांची रांग पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी डोंगराची सावली तिच्यावर असते, ऊन आत शिरतं ते दुपारनंतर. म्हणून मी देवगिरी आधी आणि वेरूळ नंतर म्हणतो, जरी बरेच जण उलटं सांगतात. जेवून दोनच्या सुमारास आत शिरलात की सूर्यास्ताला फाटक बंद होईपर्यंत वेळ मिळतो.

लेणी चौतीस: एक ते बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. सगळी बघायचा अट्टहास नको. फाटकातून समोर कैलास दिसतो आणि पाय आपोआप तिकडे वळतात. ते पाय उजवीकडे वळवा. आधी दहावं लेणं, ज्याला गावात 'सुताराचं लेणं' म्हणतात. छताला दगडात कोरलेल्या कमानी लाकडी वाशांसारख्या आहेत. नक्षीकाराने लाकडी बांधणी दगडात उतरवली आहे. मग बारावं, तीन ताल. बाहेरून साधी तीन मजली इमारत वाटते, वर जाऊन बुद्धांची रांग बघा. पंधरावं दशावतार, आणि मग सोळावं.

कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं मुख्य काम. डोंगरात वरून तीन बाजूंनी खोल चर खणले, मधे उरलेल्या कातळातून कळसापासून पायथ्याकडे देऊळ कोरत आणलं. आधी पाया, मग भिंत, मग छप्पर हा बांधणीचा क्रम इथे पूर्ण उलटा. खाली पोहोचल्यावर वरची चूक दुरुस्त करायला दगड शिल्लक नसतो. हे डोक्यात ठेवून आत शिरा आणि लगेच देवळात चढू नका. आधी अंगणातून एक पूर्ण फेरी मारा, हत्तींच्या रांगेवर तोललेला चौथरा बघा, दक्षिण बाजूला रावण कैलास हलवतोय ते शिल्प बघा. पार्वतीने शंकराचा दंड घट्ट धरलाय, आणि शंकर पायाच्या अंगठ्याने डोंगर दाबून निवांत बसलाय. मग वर मंडपात जा, छताकडे नजर टाका, जुन्या रंगाचे तुकडे अजून आहेत. शेवटी, बाजूची डोंगरवाट खुली असेल तर वर चढून सगळं देऊळ एका नजरेत घ्या. कड्याजवळ सेल्फी नको.

त्यानंतर पायात जोर असेल तर एकविसावं आणि एकोणतिसावं. जैन लेणी बरीच लांब आहेत, आवारातल्या बसने किंवा गाडीने जा आणि बत्तिसावी इंद्रसभा तरी बघाच. तिथली खांबांवरची नक्षी कैलासापेक्षा बारीक आहे आणि गर्दी जवळपास नसते.

गावात घृष्णेश्वर. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. आजचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात उभारलेलं. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना उघड्या अंगाने जावं लागतं, मोबाइल आत चालत नाही. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळा, दर्शनासाठीच येत असाल तर गोष्ट वेगळी. वेरूळ हे भोसल्यांचं गाव, शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इथले. येता-जाता त्यांच्या गढीची जागा कोणालाही विचारा, दाखवतात.

दुसरा दिवस: अजिंठा

सकाळी साडेसहाला निघा. सिल्लोडच्या पुढे चहा, मग अजिंठा गावानंतरचा घाट आणि खाली फर्दापूरचा फाटा. खासगी गाडी इथेच ठेवायची. पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने. बसचं तिकीट वेगळं आणि सुट्टे पैसे हवेत. फाट्यावर दुकानांच्या रांगा आहेत, गारगोट्या आणि रंगीत स्फटिक विकणारे मागे लागतात. ते दगड खरे असतात, याच बसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले, भाव मात्र तोंडाला येईल तो. घ्यायचे असतील तर परतताना घ्या. 'बोहनी आहे दादा' हे वाक्य दुपारी चारलाही ऐकू येईल.

सुरुवातीच्या पायऱ्या चढवत नसतील तर डोली मिळते. बूट काढ-घाल करण्यासारखे घाला, कारण चित्रांच्या लेण्यांत अनवाणी जायचं असतं.

इथेही क्रम उलटा धरा. सगळे पहिल्या लेण्यासमोर रांग लावतात. तुम्ही सरळ सव्विसाव्याला जा. तिथे डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, बुद्ध कुशीवर पहुडलेले, खाली शोक करणारे शिष्य. सकाळी तिथे सहसा शांतता असते. मग एकोणिसावं, त्याचा दर्शनी भाग. मग सतरावं आणि सोळावं. ही पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातली कामं. सोळावं त्याच्या मंत्र्याने, वराहदेवाने करवून घेतलं. सतराव्यात जातककथा भिंतभर आहेत. यातली एखादी कथा आदल्या रात्री मुलांना वाचून दाखवा. चित्रात तीच माणसं ओळखायला मुलं मोठ्यांपेक्षा पटाईत असतात.

पुढे दहावं आणि नववं, ही इथली सर्वांत जुनी, इसवी सनापूर्वीची. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ हा ब्रिटिश अधिकारी शिकारीच्या मागे इथे आला आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर त्याने स्वतःचं नाव कोरलं. आज ते डोक्याच्या वर आहे, कारण तो उभा होता तेव्हा लेण्यात गाळाचा थर साचलेला होता. त्याच्यानंतरच्या दोनशे वर्षांत पुष्कळांनी त्याचा कित्ता गिरवला. आता तसं करणं गुन्हा आहे.

पहिलं आणि दुसरं शेवटी, जेव्हा सहलींच्या बस जेवायला गेलेल्या असतात. आत पाऊल टाकल्यावर काहीच दिसत नाही आणि लोक लगेच बाहेर पडतात. चार-पाच मिनिटं थांबा. डोळे सरावले की पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या डावीकडे हातात निळं कमळ घेतलेला पद्मपाणी हळूहळू वर येतो. मोबाइलचा टॉर्च लावू नका, फ्लॅशला बंदी आहे. चिखल, भुसा, तंतू यांचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात आणि त्या सुक्या थरावर रंग, असं हे काम. म्हणूनच ते माणसांच्या श्वासातल्या ओलाव्यानेही सुटत जातं, आणि म्हणूनच एका वेळी थोड्याच लोकांना आत सोडतात. रखवालदाराशी हुज्जत घालू नका. उलट त्याला नीट विचारलंत तर एखादं छतावरचं चित्र तोच बोट करून दाखवतो.

परवानाधारक गाइड घ्यायचा तर तो इथे घ्या, वेरूळला एकवेळ चालेल. ओळखपत्र बघा आणि किती लेणी, किती वेळ, किती पैसे हे आधी ठरवा.

तिसरा दिवस: शहर

मकबरा सकाळी लवकर. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर, सतराव्या शतकातली, मुलगा आझमशाह याच्या नावाशी जोडलेली. वास्तुकार अताउल्ला, ताजमहालाच्या वास्तुरचनाकाराचा मुलगा. 'गरिबांचा ताज' म्हणून हसणारे हसून निघून जातात. संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला, मधला भाग चुन्याच्या गिलाव्याचा, हे खरं. पण गिलाव्यावरची वेलबुट्टी जवळून बघा, आणि आतली कबर वरच्या कठड्यातून खाली डोकावून बघायची असते ती रचनाही.

तिथून पाणचक्की. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणून उंचावरून पाडलंय आणि त्या धारेवर दळणाचं जातं फिरवलंय. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी पीठ निघायचं. उन्हाळ्यात धार बारीक होते, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली तेव्हा 'नहर-ए-अंबरी'चं जमिनीखालून पाणी आणलं होतं. त्याचाच १६१२ चा भडकल दरवाजा इथून जवळ आहे. शहराला बावन्न दरवाजांचं म्हणतात, त्यातले थोडेच उरलेत. मकाई, दिल्ली, रंगीन, पैठण एवढे रिक्षाने दोन तासांत होतात. मीटरवर कोणी येत नाही, भाडं आधी ठरवा.

वेळ उरला तर मकबऱ्यामागच्या डोंगरातली बौद्ध लेणी. सातव्या लेण्यातलं नृत्यशिल्प बघायला एवढी चढण परवडते. जाताना विद्यापीठाचा परिसर लागतो. १४ जानेवारीला, नामविस्तार दिनाला, विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी प्रचंड गर्दी असते. त्या दिवशी हा बेत ठेवू नका.

जेवणात नान-खलिया एकदा खाऊन बघा, शाकाहारींना ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा कुठल्याही ढाब्यावर मिळतो. डिसेंबर-जानेवारीत आलात तर वेरूळ-खुलताबादकडच्या शेतांत हुरडा असतो, आधी फोन करून ठरवावं लागतं.

खरेदी हिमरू कापडाची किंवा पैठणीची. हातमागाच्या पैठणीची नक्षी उलट्या बाजूनेही सुलट्यासारखीच स्वच्छ दिसते. उलट बाजूला सुटे धागे लोंबत असतील तर ती यंत्रमागाची, मग दुकानदार काहीही म्हणो. मागावर विणताना बघायची असेल तर पैठण गाठा, शहरापासून पन्नासेक किलोमीटर. नाथांचा वाडा आणि जायकवाडी धरण त्याच फेरीत होतं. फाल्गुनात नाथषष्ठीच्या आठवड्यात मात्र तिथे लाखो वारकरी असतात, खोली मिळत नाही.